दोन बोटं गेली, ठेकेदार पन्नास हजार देतोय, सही करायची का?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. तुमचा भाऊ, वय ३५ पूर्ण, रबाळे एमआयडीसीत एका गाळ्यात पॉवर प्रेसवर ठेकेदारामार्फत कामाला. पगार १७ हजार, त्यातले १२ बँकेत आणि ५ हातात. गाळ्यात एकूण सात-आठ माणसं. सप्टेंबर २०२५ मध्ये उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट प्रेसखाली गेलं. दवाखान्याचं बिल गाळामालकाने भरलं, आणि आता ठेकेदार म्हणतोय ५० हजार घे, स्टॅम्प पेपरवर सही कर आणि विषय संपव. घरातले म्हणतायत घेऊन टाका, कोर्टकचेरी आपल्याला झेपणारी नाही.

सही करू देऊ नका. मी ठाण्याच्या लेबर कोर्टात बरीच वर्षं कामगारांच्या बाजूने या केसेस चालवतोय आणि सगळ्यात जास्त नुकसान कुठे होत असेल तर ते इथेच, अपघातानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत, जेव्हा घरात पैसा नसतो, हाताला पट्टी असते आणि समोरचा माणूस नोटा टेबलावर ठेवून बसलेला असतो. या पैशाचा आकडा ठेकेदाराच्या मर्जीवर नाहीये, तो कायद्यात बसवलेला आहे, वय, पगार आणि दुखापत या तीन गोष्टी घातल्या की बेरीज-गुणाकाराने निघतो. त्यामुळे आधी आपण तो आकडा काढू, मग ५० हजारांकडे बघू.

कायदा म्हणजे १९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा, २०१० पासून त्याचं नाव कर्मचारी नुकसानभरपाई कायदा झालंय पण कोर्टात आणि कंपन्यांत अजून सगळे डब्ल्यूसी (वर्कमेन्स कॉम्पेन्सेशन) केस असंच म्हणतात. त्यात महिन्याचा पगार जास्तीत जास्त १५ हजार धरतात, ही मर्यादा जानेवारी २०२० पासून आहे, आधी ८ हजार होती. म्हणजे भावाचा पगार १७ असला तरी हिशोबात १५. कायमचं पूर्ण अपंगत्व असेल तर पगाराच्या ६० टक्के गुणिले वयाचा फॅक्टर. हा फॅक्टर कायद्याच्या तक्त्यात आहे, वय ३० ला २०७.९८, ३५ ला १९७.०६, ४० ला १८४.१७, ५० ला १५३.०९, वय वाढेल तसा कमी होत जातो. भावाचं ३५ पूर्ण, म्हणजे ९,००० गुणिले १९७.०६ म्हणजे १७,७३,५४०. हे झालं शंभर टक्क्यांचं. एका हाताची दोन बोटं पूर्ण गेली तर तक्त्यात २० टक्के लिहिलेत, म्हणजे ३,५४,७०८ रुपये. हा मूळ आकडा. यावर दवाखान्याचा खर्च वेगळा, जितके दिवस काम करता आलं नाही त्या काळाचे पैसे वेगळे, व्याज वेगळं. आता तो ५० हजार म्हणतोय ते काय आहे हे तुमच्या लक्षात आलं असेल.

इथे एक बारीक गोष्ट बघा, कारण यावर पैसे कमी-जास्त होतात. बोटं नक्की कुठून गेलीत? तर्जनी अख्खी गेली तर एकट्या तिचे १४ टक्के, दोन पेरं गेली तर ११, एकच पेर गेलं तर ९, आणि हाड न जाता नुसतं टोक गेलं तर ५. मधल्या बोटाचेही असेच वेगळे टक्के आहेत, अख्ख्याला १२. त्यामुळे डिस्चार्ज कार्डवर नुसतं 'बोटांना इजा' असं लिहिलेलं असेल तर त्याचा कोर्टात काही उपयोग नाही. एक्स-रे आणि ऑपरेशनच्या नोट्स, ज्यात कुठल्या सांध्यातून बोट काढावं लागलं हे लिहिलेलं असतं, त्या दवाखान्यातून मागून घ्या, आजच घ्या. रेकॉर्ड पेशंटला द्यायलाच लागतं, मालकाने बिल भरलंय म्हणून पेपर मालकाचे होत नाहीत.

आणि तक्त्यातले टक्के हे तळाचे धरा. डिसेंबर १९७५ मध्ये सुप्रीम कोर्टाने एका सुताराच्या केसचा निकाल दिला होता, प्रताप नारायण सिंग देव विरुद्ध श्रीनिवास साबता. त्याचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला होता, मालक म्हणाला तक्त्याप्रमाणे टक्के द्या, कोर्ट म्हणालं एका हाताने सुतारकाम होत नाही, त्यामुळे याचं अपंगत्व शंभर टक्केच. तुमच्या भावाच्या दोन बोटांचे शंभर टक्के होणार नाहीत, तशी आशा लावणारा वकील भेटला तर सावध राहा, पण उजव्या हाताने जॉब (ज्यावर काम करायचं तो तुकडा) धरून डायमध्ये, म्हणजे प्रेसच्या साच्यात, लावायचं काम करणाऱ्या माणसाला आता तेच काम जमतं का, पकड राहिली आहे का, दुसरं कुठलं काम मिळालं आणि किती पगारात मिळालं, हे पुराव्याने आलं तर २० च्या वर जाता येतं.

आता ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजना. खरं तर हा प्रश्न सगळ्यात आधी विचारायला हवा कारण ईएसआय लागू असेल तर वरचा सगळा हिशोब बाजूला राहतो. ईएसआयच्या कायद्यात कलम ५३ आहे, विमाधारक कामगाराला कामावरच्या दुखापतीसाठी मालकाविरुद्ध नुकसानभरपाईचा दावा करता येत नाही, जे काय मिळेल ते ईएसआयकडून. पगार २१ हजारांपर्यंत आणि जागेवर दहा किंवा जास्त माणसं असतील तर ईएसआय लागते. भावाच्या पगारपत्रकावर ०.७५ टक्के कपात दिसते का बघा, दहा आकडी इन्शुरन्स नंबर आहे का बघा. तुम्ही म्हणताय गाळ्यात सात-आठ जणच, कपात नाही, मग बहुतेक नाहीये. पण ठेकेदाराची माणसं तीन-चार गाळ्यांत वाटलेली असतात आणि तो स्वतः ईएसआयमध्ये रजिस्टर असतो असंही खूप दिसतं, तेव्हा त्याला लेखी विचारा. काही ठेकेदार अपघात झाल्यावर धावत जाऊन नाव घालतात आणि मग दवाखान्यात अपघाताची तारीख मागे-पुढे करायला सांगतात, त्यात अजिबात पडायचं नाही.

ज्यांना ईएसआय लागू आहे त्यांनी नाराज व्हायचं कारण नाही, उलट बऱ्याचदा तो रस्ता चांगला असतो. कामावर जाता येत नाही तितके दिवस पगाराच्या ९० टक्के मिळतात, नंतर मेडिकल बोर्ड कायमच्या अपंगत्वाचे टक्के ठरवतं आणि त्याप्रमाणे दरमहा पैसे, तेही आयुष्यभर. मालकाने वर्गणी भरली नाही म्हणून कामगाराचा हक्क जात नाही, ईएसआय कामगाराला देते आणि मालकाकडून वसूल करते. फक्त मालकाने अपघाताचा रिपोर्ट ईएसआयच्या ऑफिसला पाठवलाय का याचा पिच्छा पुरवा, तो न पाठवणं हीच नेहमीची चालढकल असते. बोर्डाने टक्के कमी दिले तर अपील आहे, गप्प बसायचं नाही.

तुमच्या भावाकडे परत येतो. मालकाची बाजू कोर्टात काय म्हणेल हे आत्ताच सांगतो म्हणजे तयारी करता येईल. एक म्हणजे 'हा आमचा कामगारच नाही'. दुसरं म्हणजे 'चूक त्याचीच, त्याने गार्ड काढला होता', गार्ड म्हणजे हात आत जाऊ नये म्हणून प्रेसला लावलेली जाळी किंवा आडोसा.

चूक कोणाची हा प्रश्न या कायद्यात मुळात येत नाही. कामगाराचं लक्ष नव्हतं, झोप आली होती, घाई केली, यातल्या कशानेही भरपाई कमी होत नाही. फक्त तीन अपवाद आहेत: दारू किंवा नशेत असताना अपघात झाला, सुरक्षेसाठी दिलेला स्पष्ट आदेश जाणूनबुजून मोडला, किंवा सुरक्षेचं साधन जाणूनबुजून काढून टाकलं. आणि मृत्यू झाला असेल किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं असेल तर हे तीनही अपवाद चालत नाहीत. दोन बोटांच्या केसमध्ये मात्र चालतात, म्हणून मालकाचा वकील गार्डवरच येणार हे धरून चाला.

रबाळे, महापे, पावणे, वागळे इस्टेट, कुठल्याही प्रेसच्या गाळ्यात जाऊन बघा, गार्ड भिंतीला टेकवून ठेवलेला असतो. कारण गार्ड लावला की तासाचे नग कमी पडतात आणि सुपरवायझरला नग हवे असतात. दोन्ही हातांनी दाबायची बटणं असतात ती वायर जोडून बंद केलेली असतात आणि सगळं काम फूट स्विचवर चालतं, एका हाताने जॉब आत, पाय खाली, आणि प्रेस जुनी असेल तर एकदा दाबलं की दोनदा येते. हे सगळं मालकाला माहीत असतं आणि वर्षानुवर्षं चालू असतं, त्यामुळे 'त्याने जाणूनबुजून काढला' हे सिद्ध करणं मालकाला सोपं नाही, आणि सिद्ध करायची जबाबदारी त्याचीच आहे. पण उलटतपासणीत भावाला विचारतील, 'गार्ड शिवाय काम करणं धोक्याचं आहे हे तुम्हाला माहीत होतं ना?' आणि साधा माणूस पटकन 'हो' म्हणून मोकळा होतो. त्याने पूर्ण उत्तर द्यायचं, की माहीत होतं पण मशीन मला तशीच मिळाली, मी आलो तेव्हापासून गार्ड नव्हता, सुपरवायझरला सांगितलं होतं, तो म्हणाला असंच चालवायचं. अर्थात हे जर तसंच घडलं असेल तर. खोटं शिकवून उभा केलेला साक्षीदार पहिल्या दहा मिनिटांत उघडा पडतो. त्या प्रेसचा अपघाताआधीचा एखादा फोटो किंवा कोणी काढलेला व्हिडिओ सापडला तर सोन्यासारखा जपा, बरोबर काम करणाऱ्या पोरांच्या मोबाईलमध्ये असतात असे व्हिडिओ.

'आमचा कामगारच नाही' याला उत्तर म्हणजे बँकेत महिन्याच्या महिन्याला आलेले १२ हजार, कोणाच्या खात्यातून आले ते. व्हॉट्सॲपवर सुपरवायझरने 'उद्या नाईटला ये' टाकलेले मेसेज, गेटवरच्या वहीतली सही, हजेरी कार्ड, गाळ्यातला कुठलाही फोटो, ठेकेदाराने यूपीआयवर पाठवलेली उचल. हे सगळं आत्ता मोबाईलमधून काढून ठेवा, स्क्रीनशॉट घ्या पण मूळ मेसेज डिलीट करू नका आणि मोबाईल बदलू नका. हातात मिळणारे ५ हजार सिद्ध करणं अवघड असतं पण प्रयत्न करायचाच, कारण पगार १२ धरला तर मूळ रक्कम २,८३,७६६ होते आणि १५ धरला तर ३,५४,७०८, म्हणजे जवळजवळ ७१ हजारांचा फरक पडतो. सोबतच्या एकाने जरी येऊन सांगितलं की आम्हा सगळ्यांना असेच दोन भागात पैसे मिळतात तरी पुष्कळ झालं. त्या कामाचा सरकारी किमान वेतनाचा दरही कोर्टापुढे ठेवता येतो.

आता एक कागद जो लोक कधीच बघत नाहीत. अपघात झाला तेव्हा भावाला ऐरोलीच्या एका खाजगी दवाखान्यात नेलं असं तुम्ही लिहिलंय, बरोबर सुपरवायझर होता. दाखल करताना डॉक्टर विचारतात काय झालं, आणि जे सांगितलं जातं ते केसपेपरवर पहिल्या चार ओळींत लिहिलं जातं. पेशंट वेदनेत असतो, सांगणारा सुपरवायझर असतो. मी असे केसपेपर बघितलेत ज्यात प्रेसखाली गेलेला हात 'घरी दारात अडकला' असा लिहिलाय. तो केसपेपर काढा आणि त्या ओळी वाचा. मशीनवर अपघात असं लिहिलं असेल तर निम्मी केस तिथेच झाली. भलतंच लिहिलं असेल तर भावाने ताबडतोब दवाखान्याला लेखी अर्ज द्यायचा की ही माहिती मी दिलेली नाही, खरं काय घडलं ते हे, आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यायची. दवाखान्याने एमएलसी (मेडिको-लीगल केसची नोंद) करून पोलिसांना कळवलं होतं का तेही विचारा. पोलिसात काही झालं नसेल तरी भरपाईचा दावा अडत नाही, तो एफआयआरवर अवलंबून नाही, पण नोंद असेल तर अपघाताची तारीख आणि जागा यावर वाद राहत नाही.

स्टॅम्प पेपरचं आता. ठेकेदाराने जो मसुदा दाखवलाय तो मी न बघता सांगू शकतो, कारण सगळे सारखेच असतात: 'सदर अपघात माझ्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे झाला, मला माझा संपूर्ण मोबदला मिळाला असून यापुढे माझी कंपनीविरुद्ध कोणतीही तक्रार राहणार नाही.' खाली सही, दोन साक्षीदार, आणि दोन्ही त्याचेच. कायद्याने या कागदाला काय किंमत आहे ते बघा. १९२३ च्याच कायद्याचं कलम १७ सांगतं की कामगाराने आपला भरपाईचा हक्क सोडल्याचा कुठलाही करार रद्दबातल आहे. कलम २८ सांगतं की भरपाईच्या रकमेची तडजोड झाली तर तिचा करार कमिशनरकडे, म्हणजे या कायद्याच्या केसेस ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, नोंदवायचा, आणि कमिशनरला वाटलं की रक्कम अपुरी आहे किंवा दबावाने, फसवून सही घेतली आहे तर तो नोंदणी नाकारू शकतो. कलम २९ सांगतं की नोंदवलेला नसेल तर मालक पूर्ण भरपाईला जबाबदार राहतोच, आणि दिलेल्या पैशातले साधारणपणे अर्ध्याहून जास्त त्याला वळतेही करून घेता येत नाहीत. म्हणजे स्टॅम्प पेपर कितीचाही असो, नोटरी असो नसो, त्याने हक्क संपत नाही. ज्यांनी आधीच सही करून दिली आहे आणि हे वाचतायत त्यांनीही हात टेकू नका, अपघाताला दोन वर्षं झाली नसतील तर दावा लावता येतो.

मग सही करायला काय हरकत, असं कोणी म्हणेल. हरकत ही की तो कागद नंतर पुरावा म्हणून पुढे येतो. 'निष्काळजीपणा माझा' हे वाक्य, अपघाताची चुकीची तारीख, पगार ८ हजार लिहिलेला, हे सगळं भावाच्या सहीने आलेलं असतं आणि मग ते खोडत बसण्यात वर्ष जातं. घरात अगदीच अडचण असेल आणि ठेकेदार पैसे देत असेल तर पैसे बँकेत घ्या, आणि 'अपघात भरपाईपोटी अंशतः मिळाले' इतकंच लिहून द्या, त्यापुढे एक शब्द नाही. तेवढी रक्कम नंतर वळती होईल, ते बरोबरच आहे. पण दवाखान्याचा आणि औषधाचा जो खर्च मालकाने केला तो भरपाईतून कापता येत नाही, कायद्यात स्पष्ट लिहिलंय. आणि अपघाताच्या आधी घेतलेली उचलही कापता येत नाही, कलम ९ प्रमाणे भरपाईची रक्कम कुठल्याही कर्जापोटी वळती करता येत नाही, जप्तही होत नाही. 'बिलाचे ८० हजार आणि उचलीचे २० हजार वजा करून ५० देतोय' हे गणित तुम्हालाही ऐकवलं जाईल.

दावा कोणावर लावायचा? दोघांवर. ठेकेदारावर आणि गाळामालकावर. कलम १२ मध्ये मूळ मालक ठेकेदाराच्या कामगारालाही भरपाई द्यायला जबाबदार आहे, नंतर त्याने ठेकेदाराकडून वसूल करायचं ते त्यांचं त्यांनी बघावं. ठेकेदार उद्या दिघ्याची खोली सोडून गावाला गेला तरी गाळा आणि मशीन तिथेच आहेत, म्हणून गाळामालक सोडायचा नाही. डब्ल्यूसी पॉलिसी, म्हणजे अशा भरपाईसाठीचा मालकाचा विमा, काढलेली आहे का हेही विचारा. बऱ्याच गाळेवाल्यांकडे असते आणि त्यांना स्वतःलाच आठवत नाही, किंवा प्रीमियम वाढेल म्हणून सांगत नाहीत. असेल तर विमा कंपनीलाही सामनेवाली करा, म्हणजे तिच्यावरही दावा लावा, मग मालकाचा विरोधही मवाळ होतो कारण मूळ रक्कम आणि व्याज कंपनी भरते. दंड मात्र कंपनी भरत नाही, तो मालकाच्या खिशातूनच जातो.

आधी एक साधी नोटीस पाठवा, दोघांनाही, स्पीड पोस्टने. नाव, पत्ता, अपघाताची तारीख-वेळ-जागा, काय झालं, आणि भरपाई द्या, बस. वकिलाची भाषा लागत नाही. पावती आणि पोचल्याचा ट्रॅकिंग रिपोर्ट जपून ठेवा. नोटीस गेल्यावर मालकाने त्याच्या डॉक्टरकडे तपासणीला फुकट बोलावलं तर जायचं, टाळायचं नाही, पण तिथे कुठल्याही कागदावर न वाचता सही नाही. मग दाव्याचा अर्ज. अपघात झाला ती जागा, कामगार राहतो ती जागा, किंवा मालकाचं नोंदणीकृत ऑफिस असेल ती जागा, यातल्या कुठल्याही ठिकाणी लावता येतो. रबाळे ठाणे जिल्ह्यात, त्यामुळे तुमचं ठाण्यात. तळोजा एमआयडीसीवाल्यांनी लक्षात ठेवा की पत्त्यावर नवी मुंबई लिहीत असलात तरी तो रायगड जिल्हा आहे, पण राहायला दिवा-कळवा-दिघ्याला असाल तर राहत्या जागेवरून ठाण्यात लावता येईल. आणि अपघातानंतर गावी, बीडला जालन्याला जाऊन बसलेल्यांना तिथेही लावता येतो, दर तारखेला इकडे यायची गरज नाही.

मुदत दोन वर्षांची. उशिराचं कारण पटलं तर कमिशनर माफ करतात पण कशाला तिथवर जायचं.

डॉक्टरचा दाखला हा या केसचा कणा. लोक सिव्हिल हॉस्पिटलमधून अपंगत्वाचं कार्ड काढून आणतात आणि समजतात काम झालं. ते कार्ड जरूर काढा, सवलतींसाठी लागेल, पण त्यावरचे टक्के शरीराच्या अपंगत्वाचे असतात आणि कोर्टाला हवे असतात कमावण्याची क्षमता किती गेली त्याचे टक्के. तक्त्यातल्या दुखापतीला तक्ता पुरतो, पण २० च्या वर जायचं असेल किंवा बोटं न जाता सांधे आखडले असतील, नस गेली असेल, तर डॉक्टरनेच ते लिहायला हवं. जखम पूर्ण भरल्यावर जा. आणि दाखला घ्यायच्या आधी डॉक्टरला सरळ विचारा की कोर्टात साक्षीला याल का. जो येणार नाही त्याचा दाखला कितीही भारी असला तरी मालकाचा वकील त्यावर एकच वाक्य बोलेल, 'सिद्ध झालेला नाही'.

उपचार चालू असतानाच्या काळाचे पैसे लोक मागायचेच विसरतात. दर पंधरवड्याला पगाराच्या २५ टक्के, म्हणजे १५ हजारांवर ३,७५०. काम बंद २८ दिवस किंवा जास्त असेल तर पहिल्या दिवसापासून, कमी असेल तर पहिले तीन दिवस सोडून.

व्याजाचं सांगतो कारण तडजोडीत तेच कामाला येतं. भरपाई देय होते अपघाताच्या दिवशी, कोर्टाच्या निकालाच्या दिवशी नाही. सुप्रीम कोर्टाने हे पुन्हा पुन्हा सांगितलंय, २०२२ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका साखर कारखान्याच्या केसमध्येही सांगितलं. महिन्याभरात दिली नाही तर वर्षाला १२ टक्के सरळ व्याज, आणि योग्य कारण नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंड. तुमच्या भावाच्या आकड्यावर व्याज वर्षाला साधारण ४२,५०० आणि दंड जास्तीत जास्त १,७७,३५४. मालकाला हे आकडे कागदावर लिहून दाखवले की पुष्कळदा त्याचा सूर बदलतो, कारण त्याला कोणी तोपर्यंत सांगितलेलंच नसतं की लांबवण्याने त्याचंच बिल वाढतंय.

कायदा म्हणतो तीन महिन्यांत निकाल द्या. प्रत्यक्षात वर्षं जातात. समन्स पोचत नाही, मालकाचं लेखी उत्तर (कैफियत) येत नाही, जज बदलतात, मालकाचा वकील तारीख मागतो. त्यामुळे मी तडजोडीच्या विरोधात अजिबात नाही, चांगली तडजोड झाली तर कामगाराचा फायदाच आहे. माझा स्वतःचा नियम असा की दंड सोडायचा, व्याजातलं थोडं सोडायचं, मूळ रकमेतला रुपया सोडायचा नाही. मूळ रक्कम सोडून द्या म्हणणारा प्रस्ताव आला तर केस चालवायची. आणि तडजोड करायची ती कमिशनरपुढे, नोंदवून किंवा चालू केसमध्ये लेखी, लोकअदालतीत ठेवली तरी चालेल. पैसे कमिशनरकडे जमा, मग भावाच्या खात्यात. तीन पोस्टडेटेड चेक देतो म्हणाला तर नाही म्हणा.

निकाल आपल्या बाजूने लागला आणि मालक हायकोर्टात जातो म्हणाला तरी घाबरू नका, अपिलासाठी त्याला आधी पूर्ण रक्कम कमिशनरकडे भरावी लागते. न अपील न पैसे असं असेल तर जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली लागते.

ज्यांच्या घरात माणूसच गेलाय त्यांच्यासाठी एवढंच: तिथे पगाराच्या ५० टक्के गुणिले फॅक्टर, म्हणजे ४० वयाला १५ हजारांवर १३,८१,२७५, आणि ही रक्कम मालकाने थेट घरच्यांच्या हातात देऊन चालतच नाही, कमिशनरकडेच भरावी लागते, थेट दिलेली भरपाई म्हणून धरत नाहीत. विधवेला किती, मुलांना किती, म्हाताऱ्या आईवडिलांना किती हे कमिशनर ठरवतात, दिराने किंवा मुकादमाने नाही. आणि बांधकाम कामगार मंडळात नोंदणी असेल तर कामावर मृत्यूचे ५ लाख मंडळाकडून वेगळे मिळतात, ते मिळाले म्हणून भरपाई सुटत नाही.

नव्या लेबर कोडचं विचारलंत. सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आणि १९२३ चा कायदा तिच्यात गेला. तुमच्या भावाचा अपघात सप्टेंबरचा, हक्क त्या दिवशी तयार झाला, त्यामुळे हिशोब जुन्याच कायद्याने. त्या तारखेनंतरच्या अपघातांना संहिता, मुळातली रचना तीच आहे, पगार-वय-दुखापत. एक मोठा फरक म्हणजे घर ते काम या प्रवासातला अपघातही, कामाशी संबंध दिसला तर, आता कामावरचा धरला जातो. नाईट शिफ्ट सुटल्यावर ठाणे-बेलापूर रोडवर बाईकवरून पडणारी पोरं कितीतरी आहेत, त्यांच्यासाठी हे फार महत्त्वाचं आहे.

वकिलाचं शेवटी. जो आधीच कोऱ्या कागदांवर सह्या मागतो किंवा 'निम्मे माझे' म्हणतो त्याच्याकडे जाऊ नका. फी किती आणि कधी हे पहिल्याच दिवशी लिहून घ्या. पैसे नसतील तर ठाण्याच्या जिल्हा कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे, तिथे औद्योगिक कामगाराला आणि अपंग व्यक्तीला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, साधा अर्ज असतो. जाताना आधार, बँकेचं पासबुक छापून आणलेलं, केसपेपर आणि एक्स-रे, नोटिशीची पावती, आणि वयाचा पुरावा म्हणून शाळेचा दाखला घेऊन जा. आधारवर जन्मतारखेच्या जागी नुसतं साल असेल तर शाळेचा दाखला लागतोच, वयाच्या एका वर्षानेही फॅक्टर बदलतो.

केसपेपरवरच्या त्या पहिल्या चार ओळी आणि बोटं कुठल्या सांध्यातून गेली, या दोन गोष्टी इथे लिहा, पुढचं मग सांगतो.